भिंतीवरून उतरलेले पक्षी

काही वर्षांपूर्वी आधुनिक चित्रांचे एक जाडजूड पुस्तक चाळीत असताना एका रंगीत छायाचित्रापाशी माझा हात थांबला. भिंतीला टांगलेली अॅल्युमिनियमची वेडीवाकडी पाती, मागे वाकविलेली तारेची जाळी, आणि त्या सगळ्यावर जत्रेतल्या खेळण्यांवर असावा तसा भडक, चमचमता रंग. चित्र म्हणावे तर ते भिंतीपासून चांगले हातभर पुढे आलेले. शिल्प म्हणावे तर मागून पाहण्याची सोय नाही. अशा गोष्टी पाहावयाची आता आपल्याला सवय झाली आहे, तेव्हा मी पान उलटलेही असते. पण खाली नाव होते, 'राम गंगरा'.

राम गंगरा हा एक चिमुकला पक्षी. आपल्याकडे त्याला राखी वल्गुली म्हणतात. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक 1941 साली मुंबईत निघाले. ज्यांच्या घरी ते आहे त्यांना हे नाव परके वाटणार नाही. प्रत्येक पक्ष्याच्या इंग्रजी नावाजवळ तिथे देशी नावही दिलेले असते. आणि ज्याने ही पाती रंगवली तो फ्रँक स्टेला हा न्यूयॉर्कचा अमूर्त चित्रकार! चित्रात जे दिसते त्यापलीकडे काही नाही, अशी प्रतिज्ञा केलेला माणूस. या माणसाला राम गंगरा कुठे भेटला, आणि भेटला तरी त्याचे नाव चित्राला द्यावेसे का वाटले, या दोन प्रश्नांनी मला बरेच दिवस छळले. त्यांचा माग काढीत गेलो तेव्हा जो इतिहास हाती आला, तो येथे सांगतो.

स्टेला 1936 साली मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन गावी जन्मला. घराणे मूळचे इटालियन, वडील डॉक्टर. प्रिन्स्टन विद्यापीठात त्याने इतिहासाची पदवी घेतली आणि 1958 साली तो न्यूयॉर्कला येऊन राहिला. पोटासाठी घरे रंगवायची, उरलेल्या वेळात चित्रे. गंमत अशी की, दोन्हींचा रंग जवळजवळ एकच. दुकानात डब्यांतून मिळणारा घरकामाचा काळा रंग आणि घरे रंगवणाऱ्यांचा रुंद ब्रश घेऊन त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर समांतर काळे पट्टे ओढले. दोन पट्ट्यांच्या मधे कॅनव्हासची कोरी रेघ तेवढी शिल्लक राही. 1959 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने सोळा अमेरिकन कलावंतांचे प्रदर्शन भरविले. त्यात हे तेवीस वर्षांचे पोर आपले काळे पट्टे घेऊन उभे राहिले. पुष्कळांना राग आला. त्या आधीच्या दहा-बारा वर्षांत पोलॉक आणि त्याच्या सोबत्यांनी रंगाचे जे वादळ उठवले होते, त्यानंतर हा काळा फळा कशासाठी, असे लोकांना वाटले.

पण त्या फळ्यात एक बारीकशी गोष्ट होती, आणि ती पुढच्या सगळ्या कथेचे बीज आहे. स्टेलाने कॅनव्हास ताणण्याची लाकडी चौकट नेहमीपेक्षा बरीच जाड, सुमारे तीन इंचांची घेतली होती. त्यामुळे चित्र भिंतीला चिकटून न राहता किंचित पुढे येई. त्याचे म्हणणे असे की, यामुळे रंगवलेला पृष्ठभाग भिंतीपासून वेगळा कळतो आणि त्याचा सपाटपणा अधिक ठसतो. सपाटपणा सिद्ध करण्यासाठी खोली! हा विरोधाभास त्याच्या बरोबरीच्या लोकांनी लगेच हेरला. डॉनल्ड जड याने 1965 साली एक गाजलेला निबंध लिहिला. आजचे उत्तम काम चित्रही नाही आणि शिल्पही नाही, ते केवळ एक वस्तू आहे, असे त्याने मांडले; आणि साक्षीदार म्हणून स्टेलाच्या चित्रांनाही उभे केले. काळ्या चित्रांच्या सुमारास कार्ल आंद्रे हा तरुण स्टेलाच्या खोलीत बसून लाकडी ओंडके कोरीत असे. एकदा आंद्रेने एका ओंडक्याची एक बाजू कोरून संपवली. स्टेलाने ओंडका न्याहाळला, न कोरलेल्या पाठीवरून हात फिरवला आणि, हेही काही वाईट शिल्प नाही, असे म्हणून गेला. आंद्रेने त्यानंतर कोरणे सोडले आणि लाकडे नुसती रचावयास सुरुवात केली. एका चित्रकाराने सहज टाकलेला शब्द दुसऱ्याचे शिल्प बदलून गेला.

1964 साली नभोवाणीवरच्या एका मुलाखतीत स्टेलाने आपले प्रसिद्ध विधान केले. तुम्हाला दिसते तेच तिथे आहे, त्याच्या मागे दडलेले असे काही नाही, हा त्याचा आशय. अमेरिकेतल्या एका पिढीने ते वेदवाक्य मानले. परंतु मी इतिहासाचा वाचक असल्यामुळे माझी नजर चित्रापेक्षा चिठ्ठीकडे आधी जाते. त्या काळ्या चित्रांपैकी एकाचे नाव आहे 'डी फाने होख', म्हणजे 'निशाण उंच धरा'. हे नाझी पक्षाच्या कूचगीताचे पहिले शब्द. दुसऱ्या एका चित्राला छळछावणीच्या दारावर कोरलेले वाक्य नाव म्हणून दिले आहे. ज्याच्या चित्रात पट्ट्यांवाचून काही नाही, तो त्या पट्ट्यांना अशी नावे का देतो? त्याने यावर जी उत्तरे दिली ती तोडकी आहेत. माझे तरी त्यांनी समाधान झाले नाही. इतिहास चित्रात येऊ द्यावयाचा नाही असा त्याचा निर्धार होता, आणि इतिहास चिठ्ठीवाटे आत शिरत होता, एवढेच मला दिसते.

पुढची दहा वर्षे भराभर सांगतो. 1960 साली अॅल्युमिनियमच्या रंगाची चित्रे आली. त्यांत पट्टे जिथे वळत तिथे उरणारे कोपरे त्याने सरळ कापून टाकले. मग तांब्याच्या रंगाची, इंग्रजी एल आणि टी या अक्षरांच्या आकाराची चित्रे. मग वाकडेतिकडे बहुकोन, मग कोनमापकाच्या अर्धवर्तुळांची प्रचंड, झगझगीत रंगांची मालिका. चित्र चौकोनीच असले पाहिजे हा नियम त्याने असा हळूहळू मोडीत काढला. 1970 साली न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयाने त्याच्या तोवरच्या कामाचे समग्र प्रदर्शन भरवले, तेव्हा तो चौतीस वर्षांचाही झाला नव्हता. इतक्या कोवळ्या वयात असा मान तिथे आधी कोणाला मिळाला नव्हता. एखाद्याने आयुष्यभर तेच करून पैसा आणि कीर्ती भोगली असती. मला या माणसाविषयी आदर वाटतो तो येथून पुढच्या प्रवासासाठी.

रिचर्ड मायर या वास्तुकार मित्राने त्याला एक पुस्तक दिले. मारिया आणि काझिमिएझ पिएहोत्का या पोलिश वास्तुकार दांपत्याने लिहिलेले, पोलंडमधल्या लाकडी सिनेगॉगविषयीचे. सतराव्या-अठराव्या शतकांत तिथल्या खेड्यापाड्यांतील यहुदी लोकांनी ही प्रार्थनामंदिरे बांधली होती. छपरावर छप्पर, तुळईत तुळई अडकवलेली, सुतारकामाचे नमुनेच. होदोरूफच्या मंदिराचे रंगवलेले छत तर प्रसिद्ध होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी वॉर्सामधल्या वास्तुकलेच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून या इमारतींची मापे घेतली, आराखडे काढले, छायाचित्रे टिपली. पुढे नाझी सैन्य आले. इमारती जाळल्या गेल्या आणि ज्यांनी त्या बांधल्या त्यांचे वंशज मारले गेले. कागदावरचे आराखडे उरले, आणि त्या कागदांचे झाले हे पुस्तक.

1970 ते 1974 या वर्षांत स्टेलाने या गावांच्या नावांची एक मोठी मालिका केली. 'ओडेल्स्क', 'होदोरूफ', अशी त्यांची नावे. ही मंदिरांची चित्रे नव्हेत. तिथे दार नाही, घुमट नाही, मेणबत्ती नाही. आहेत ते एकमेकांत घुसलेले कोन आणि पट्ट्या. पण या मालिकेत हळूहळू काय घडत गेले ते पाहण्याजोगे आहे. आरंभी कॅनव्हासवर कापड आणि कागद चिकटवलेले. मग त्याच आकृत्या लाकडात, पुठ्ठ्यात रचून उंच-सखल केलेल्या. आणि शेवटी ती पाटी भिंतीशी समांतर राहण्याचेच नाकारते. एकेक फळी कलते, पुढे झुकते, तिची सावली दुसरीवर पडते. आता रंगवण्याआधी रचावे लागते. सुताराची कला पुस्तकातून त्याच्या हातात उतरली म्हणाना! बारा वर्षांपूर्वी ज्याने नाझी गीताचे शब्द काळ्या चित्राला दिले, त्याने आता जळून गेलेल्या गावांची नावे एकेक करून भिंतीवर लावली. या दोहोंत काही ऋण फेडण्याचा भाग होता की काय, हे त्याने कधी उघड म्हटले नाही आणि मीही त्याच्या तोंडी घालणार नाही. पण चित्र भिंतीवरून उठले ते नेमके या नावांच्या सोबतीने, ही गोष्ट मला योगायोग वाटत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. चित्र आणि शिल्प ही दोन वेगळी घरे, आणि मधे कुंपण, ही कल्पना आपल्याकडे उपजत नव्हती. वेरूळचे कैलास लेणे आज काळ्या पाषाणाचे दिसते म्हणून आपण त्याला शिल्प म्हणतो. पण त्यावर एके काळी गिलावा होता, त्या गिलाव्यावर रंग होता. काही ठिकाणी त्याचे अवशेष अजून दिसतात, आणि लोक त्याला 'रंगमहाल' म्हणत आले तेही त्यामुळेच. पेणच्या कारखान्यात गणपतीचा साचा निघाला म्हणजे काम संपत नाही. डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती मूर्ती नसते, माती असते. पाश्चात्त्यांकडेही ग्रीक पुतळे रंगवलेलेच होते. रंग उडालेले पुतळे जमिनीतून निघाले, आणि शुभ्र संगमरवर म्हणजेच शिल्प अशी समजूत होऊन बसली. विसाव्या शतकात पिकासोने 1912 साली पुठ्ठ्याची गिटार करून, आणि त्याचे काम पाहून आलेल्या तातलिनने खोलीच्या कोपऱ्यात पत्रे ताणून, हे कुंपण ओलांडले. रॉशेनबर्गने तर 1959 साली रंगवलेल्या फलकावर पेंढा भरलेला बोकडच उभा केला. तेव्हा स्टेला पहिला नव्हे. पण बाकीचे बाहेरून कुंपणावर चढले. हा मात्र सपाटपणाचा कडवा पुजारी, देवळाच्या आतूनच भिंत पोखरीत बाहेर आला.

आता राम गंगऱ्याकडे वळू. 1975 च्या सुमारास स्टेलाने लाकूड सोडून धातू धरला. आराखडा त्याचा, कापणी-जोडणी कारखान्याची, आणि रंग पुन्हा त्याचा, अशी व्यवस्था झाली. नकाशे काढणाऱ्यांकडे ज्या वक्रपट्ट्या असतात, जहाजे आणि रेल्वेचे रूळ आखणाऱ्यांच्या त्या नागमोडी पट्ट्या त्याने आणल्या आणि त्यांचेच आकार मोठे करून कापवले. सरळ रेघेचा माणूस एकदम वेलांट्यांवर आला. या सुमारास, 1977 साली, तो अहमदाबादला आला.

अहमदाबादच्या साराभाई कुटुंबाचा या इतिहासात मोठा वाटा आहे. गिरणीमालकांचे घर, पण त्या घराने कलावंतांचा जो पाहुणचार केला तसा एखाद्या संस्थानिकानेही क्वचितच केला असेल. गीता साराभाई 1946 साली न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन केज या संगीतकाराला आपले संगीत शिकवून त्याचे संगीत शिकून आल्या. मनोरमा साराभाईंसाठी ल कॉर्ब्युझिएने घर बांधले. 1955 साली कॅल्डर येऊन हलत्या तारांची शिल्पे करून गेला. 1975 साली रॉशेनबर्गने तिथे हातकागद आणि चिंध्यांवर काम केले. पाहुण्याने यावे, राहावे, बाजारात हिंडावे, हाती लागेल त्यातून काही करावे. अट कसली नाही.

स्टेलाच्या हाती लागला पत्रा. छपाईत बिघडलेला, डबे-झाकणांसाठी छापलेला आणि मग टाकून दिलेला मऊ, पातळ पत्रा. असा पत्रा आपल्याकडे वाया जात नाही. त्याचे दिवे होतात, गाळणी होतात, पेट्यांना आतून अस्तर लागते. एकीकडे अक्षरे उलटी, एकीकडे लाल रंग निळ्यावर सरकलेला, अशा त्या पत्र्यांतून स्टेलाने छोटी-छोटी प्रतिरूपे कापली आणि वाकवून तारेच्या जाळीवर बसवली. मला वाटते, येथे त्याला एक गोष्ट मिळाली जी अमेरिकेतल्या कारखान्यात मिळाली नव्हती. पत्रा कापण्याआधीच रंगीत होता! आधी आकार आणि मग त्यावर रंग, हा क्रम उलटला. रंगालाच कात्री लावता येत होती. रंग वाकत होता, वळत होता. चित्र आणि शिल्प यांतला भेद त्या भंगारात आधीच मिटलेला होता. नव्या कोऱ्या धातूने त्याला जे शिकवले नसते ते या टाकाऊ पत्र्याने शिकवले, असे म्हणणे थोडे धाडसाचे होईल. पण या प्रतिरूपांनंतरच्या कामात जो मोकळेपणा आहे, तो आधीच्या कामात नाही, एवढे कोणीही पाहून सांगेल.

ही प्रतिरूपे अमेरिकेत नेऊन धातूत मोठी करण्यात आली, काही तिप्पट, काही साडेपाच पट. मग त्यांवर रंग, चमकी, खरखरीत लेप यांची उधळण झाली. मालिकेचे नाव 'भारतीय पक्षी'. त्यांत आहे 'हरेवा', म्हणजे पानांत लपणारा हिरवा पर्णपक्षी. 'कस्तुरा', म्हणजे सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी पहाटे शीळ घालणारा आपला शीळकरी कस्तूर. हे काम न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे आणि भिंतीपासून अडीच फुटांच्या आसपास पुढे येते. 'महालत' हा आपला टकाचोर, 'जंगली कौवा' हा डोमकावळा, 'खरपिद्दा' हा गप्पीदास. 'शौबीगी' वाचून मी काही काळ अडलो होतो. मग लक्षात आले की ही तर आपली सुभगा! यांपैकी एकाही कामात चोच नाही, पंख नाही. तरीही, जाळीवर टेकलेली ती वाकडी पाती आता उडतील असे वाटते, हे मात्र खरे. जळलेल्या गावांच्या नावांनंतर त्याला पक्ष्यांची नावे सुचली, याचे मला अजून नवल वाटते.

जाता जाता एक सांगितले पाहिजे. स्टेला येण्याच्या कितीतरी आधी, शेजारच्या बडोद्यात, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले जेराम पटेल प्लायवूडवर झोताची ज्योत फिरवून ते जाळीत, कोरीत होते. चित्र की शिल्प, हा प्रश्न त्यांच्याही काळवंडलेल्या फळ्यांपुढे पडतो. 1960 नंतरच्या दशकातले ते काम जगातल्या पुस्तकांत फारसे आलेले नाही. नाव होण्यासाठी माणसाला न्यूयॉर्कला राहावे लागते, असा तो काळ होता.

अमेरिकेत या पक्ष्यांचे स्वागत संमिश्र झाले. काळ्या पट्ट्यांच्या भक्तांना हा धर्मद्रोह वाटला. ज्याने दागिने उतरवायला शिकवले तोच आता चमकी लावून फिरतो, असा एकूण सूर. दुसरीकडे शिल्पकार म्हणत, मग याला सरळ शिल्प का म्हणत नाही? स्टेला शेवटपर्यंत हट्टाने म्हणत राहिला की, मी चित्रेच करतो. शिल्प म्हणजे कापून काढून कुठेतरी उभे केलेले चित्र. मला आधी हा हट्ट पोकळ वाटे. त्याची 1983-84 सालची हार्वर्डमधली व्याख्याने वाचल्यावर माझे मत बदलले. त्यांत त्याने अमूर्त चित्रकलेची गाठ थेट काराव्हाज्जोशी घातली आहे. राफाएल आणि मायकेलअँजेलो यांच्यानंतर इटालियन चित्रकला जशी कोंडली होती, तशी मोंद्रियान आणि कांदिन्स्की यांच्यानंतर अमूर्त कला कोंडली आहे, असे त्याचे प्रतिपादन. काराव्हाज्जोने चित्रातल्या माणसांभोवती अशी जागा निर्माण केली की ती चौकटीतून आपल्या खोलीत येतील असे वाटावे. अमूर्ताला अशी जागा हवी, नाहीतर ते भिंतीवरच्या शोभेच्या कापडासारखे होऊन बसेल. म्हणजे भिंतीवरून पुढे येणे हा त्याच्या लेखी चित्रकलेचाच जुना प्रश्न होता. सगळे पटत नाही; काराव्हाज्जोने ती जागा कॅनव्हास इंचभरही पुढे न आणता मिळवली होती, हे उत्तर कोणीही देईल. पण ज्याने स्वतःच्या पंचविशीतल्या सिद्धान्ताविरुद्ध पन्नाशीत इतकी कसून साक्ष दिली, त्याला लहरी म्हणता येणार नाही.

नंतरच्या कामाविषयी मला तितकी आस्था नाही. मेल्व्हिलच्या 'मोबी डिक' कादंबरीतल्या प्रकरणांची नावे दिलेली मालिका त्याने दहा-बारा वर्षे केली. त्यातल्या लाटा सुंदर आहेत, पण फार आहेत. पुढे संगणकावर रचलेले, यंत्राने थरावर थर देऊन घडवलेले आकार आले. काही कामे भिंत सोडून पटांगणातही जाऊन उभी राहिली. 4 मे 2024 रोजी, अठ्ठ्याऐंशी पूर्ण व्हायला आठवडा उरला असताना, न्यूयॉर्कमध्ये राहत्या घरी त्याचे निधन झाले. दुसऱ्या दिवशीच्या बहुतेक मृत्युलेखांत काळे पट्टे पहिल्या परिच्छेदात होते. अहमदाबाद कुठे सापडलेच तर एखाद्या ओळीत.

मी मात्र तो दिवस वेगळ्या रीतीने घालवला. सलीम अलींचे पुस्तक काढले आणि हरेवा शोधला. हा पक्षी दिसणे कठीण. पानांच्या हिरव्या रंगात तो असा मिसळून जातो की, झाडाखाली उभे राहून नुसते ऐकावे लागते. ऐकूनही खात्री नसते, कारण तो दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. मग शेजारी ते चित्रांचे पुस्तक उघडून ठेवले. तिथला हरेवा गुलाबी, पिवळा, चंदेरी, जाळीवर पसरलेला. त्या पुस्तकाच्या टीपेत धातू, रंग, जाळी आणि मापे दिली होती. पक्षी कोणता, ते नव्हते. मी पेन्सिलीने तिथे लिहून ठेवले: पर्णपक्षी, आंब्याच्या मोहरात दिसतो.